बयजाक्काचा भात शिजेना

एक होती बयजाक्का आणि एक होती ठकू. दोघी उंबरतळ गावच्या. लहानपणी एकाच ओढ्यात डुंबल्या, एकाच झाडाच्या चिंचा चोखल्या. मग मोठ्या झाल्या, आणि एक झाली मालकीण, दुसरी झाली तिचं कूळ. असं कसं झालं म्हणाल, तर ऐका.

ठकूच्या बापाने रान तोडलं होतं. दगड वेचले, बांध घातले, ओढ्याकाठी भाताची खाचरं केली. एकदा काय झालं, राजाचा कारभारी घोड्यावरून आला. “ही जमीन कुणाची?” म्हणून विचारू लागला. ठकूचा बाप तेव्हा गुडघाभर चिखलात वाकून लावणी करत होता. त्याला ऐकूच गेलं नाही. बयजाचा बाप मात्र आंब्याखाली बाजेवर बसला होता. तो म्हणाला, “माझी.” कारभाऱ्याने शिक्का मारला. झाली त्याची! गावाला खरं ठाऊक होतं, बरं का. पण घोडेवाल्यापुढे बोलणार कोण?

मग दोघींचेही बाप गेले. जमीन आली बयजाक्काकडे, नांगर आला ठकूकडे. बयजाक्काचा नवरा वारला होता. घरात ती आणि तिची लेक रंगू. ठकू, तिचा नवरा रायबा आणि त्यांची पोरं बयजाक्काची शेतं कसायची. सुगीला खळ्यावर भाताची रास पडली की पायलीने वाटणी व्हायची. एक पायली बयजाक्काला, एक ठकूला. निम्मा वाटा. का निम्मा? तर तेव्हा जमीन उदंड आणि माणसं थोडी. ठकू रुसून दुसऱ्या गावाला गेली असती, तर बयजाक्काच्या शेतात गवत माजलं असतं.

पण मग राजाने वरच्या अंगाला भलंमोठं तळं बांधलं. तिथली गावं पाण्याखाली गेली. बिचारी माणसं डोईवर बोचकी घेऊन उंबरतळला आली. रोज सकाळी बयजाक्काच्या दारात उभी राहायची. “आक्का, काही काम द्या. द्याल ते घेऊ.”

बयजाक्काच्या मनात आलं, आता ठकू जाईल कुठे?

त्या साली ती खळ्यावर म्हणाली, “ठकू, आता दोन पायल्या मला, एक तुला. पटत नसेल तर दारात माणसं उभी आहेत.”

ठकूने लांबून दारातल्या माणसांकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. म्हणाली, “बरं, बये.”

पुढच्या साली बयजाक्का म्हणाली, “आता तीन मला, एक तुला.”

ठकू म्हणाली, “बरं, आक्का.” बये म्हणाली नाही. बयजाक्काला ते कळलं. कळलं, पण तिने पायली भरू दिली.

त्याच्या पुढच्या साली वाटा तोच ठेवला. पण वर म्हणाली, “रोज सकाळी माझं पाणी भरायचं, अंगण सारवायचं.”

ठकू म्हणाली, “बरं, आक्का. येते मी.”

आणि मग नवल झालं, बरं का! बयजाक्काने चुलीवर भात टाकला. पाणी उकळलं, आटलं, पुन्हा ओतलं. पण काही दाणे जसेच्या तसे! खड्यासारखे टणक. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर निम्मं पातेलं कच्चं. सरपण बदललं, पातेलं बदललं, देवाला नारळ फोडला. काही उपयोग नाही. ठकूच्या वाट्यातून जास्तीचा घेतलेला जो दाणा, तो काही केल्या शिजेना!

बयजाक्काला कारण उमगलं नव्हतं का? उमगलं होतं. म्हणून तर तिने कुणाला सांगितलं नाही. मऊ दाणे रंगूच्या ताटात वेचून घालायची, आणि कडक दाणे पदराखाली झाकून परसात पुरायची. तिकडे ठकू वाकून अंगण सारवत असायची. तिच्याकडे पाहायचं म्हटलं की बयजाक्काची मान वळायचीच नाही.

मग एक दिवस रंगूला बघायला पाहुणे आले. मोठ्या घरचे लोक. दुपारी पंगत बसली. पाहुण्यांच्या म्हाताऱ्याने पहिला घास घेतला आणि कट्ट! त्याने तोंडातून दाणा काढला, ताटाच्या कडेला ठेवला. सगळ्यांचे हात थांबले. रंगू दाराआड रडायला लागली.

बयजाक्का मागच्या दाराने पळत सुटली. थेट ठकूच्या झोपडीत. “ठकू, शिजलेला भात आहे का गं? माझी अब्रू चालली!”

ठकूची लेक पारू बाळंत होऊन तिथेच पडली होती. कुशीत कोवळं पोर. घरातली बाकीची माणसं नाचणीची पातळ पेज पीत होती. चुलीवर एका मडक्यात भात होता, मऊ, वाफाळलेला. एवढाच. बाळंतिणीसाठी.

ठकूने पारूकडे पाहिलं. पारूने मान डोलावली. ठकूने मडकं उचललं आणि बयजाक्काच्या हातात दिलं. “न्या, आक्का. रंगू मलाही लेकीसारखीच.”

आणि बाळांनो, बयजाक्काने ते मडकं नेलं. कुणाच्या तोंडचं आहे ते डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी नेलं.

पाहुणे पोटभर जेवले. लग्न ठरलं. सगळे हसले, साखर वाटली. बयजाक्का मात्र रिकाम्या मडक्यापुढे बसली. तिला घास गिळवेना. धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं, असं तिला झालं.

मग तिने काय केलं? टोपलीभर भात घेतला, वर नवं लुगडं ठेवलं, आणि ठकूच्या दारात पोचवलं. म्हणाली, “हे माझ्याकडून, पारूला.” ठकूने तो भात कांडला, चुलीवर टाकला. शिजला का? छे! तिथेही टणकच. दान म्हणून दिलेलंही शिजेना.

मग बयजाक्का म्हणाली, “ठकू, चुकले मी. आजपासून पुन्हा निम्मा वाटा. पाणी भरायलाही येऊ नकोस.”

ठकूने तिला बसायला घोंगडी टाकली. हळूच म्हणाली, “आक्का, तुमचं मन आज मऊ झालंय, ते दिसतंय मला. पण उद्या फिरलं तर? वाटा वाढवणंही तुमच्या हातात, कमी करणंही तुमच्याच हातात. मी फक्त बरं म्हणायचं. मला जायला दुसरं ठिकाण कुठे आहे?”

बयजाक्का घोंगडीवरून उठली. घरी येऊन तिने भात टाकला. नाहीच शिजला.

मग तिसऱ्यांदा ती निघाली ती तडक राजाच्या दरबारात. दरबार भरलेला. शेजारपाजारचे पाटील, सावकार, रंगूचे होणारे सासरेही बसलेले. राजाने विचारलं, “बाई, काय मागायला आलीस?”

ती म्हणाली, “मागायला नाही आले, महाराज. परत करायला आले. ओढ्याकाठची खाचरं ठकूच्या बापाने केली. माझा बाप बाजेवर बसून खोटं बोलला. मला ठाऊक होतं. त्याच खोट्याच्या जोरावर मी तिच्या लेकराबाळांच्या तोंडचं काढून घेतलं.”

दरबारात कुजबूज झाली. कुणी हसलं, कुणी तोंड फिरवलं. बयजाक्काला वाटलं, आपल्या अंगावरचं लुगडं कुणी सगळ्यांसमोर फेडतंय. पण ती तिथून हलली नाही. राजाने खाचरांवर ठकूच्या नावाचा शिक्का मारून दिला. आणि रंगूचे सासरे? ते उठून आले, म्हणाले, “आता कळलं त्या दिवशी दाणा का लागला ते. लग्न मोडत नाही आम्ही.”

बयजाक्का घरी आली, भात टाकला. बघता बघता शिजला, जाईच्या कळ्यांसारखा.

संपली का गोष्ट? नाही, थोडी राहिली. डोळे मिटा, पण कान उघडे ठेवा.

पुढच्या पेरणीला बयजाक्काची स्वतःची, माळावरची शेतं तशीच पडलेली. तळ्याकडची माणसं होती, पण त्या मातीची पारख ठकूच्या घरालाच. ती ठकूच्या दारात गेली. ठकू आपल्या अंगणात बी पाखडत होती. या वेळी बयजाक्का उभी होती आणि ठकू बसलेली.

“येशील का गं माझ्या शेतावर?”

ठकूने सूप खाली ठेवलं. “रायबाला आणि थोरल्याला पाठवीन. वाटा निम्मा. बी तुमचं. आणि तळ्याकडून आलेल्या माणसांनाही हाच वाटा द्यायचा.”

“त्यांना कशाला? ती तर कमीतही येतील.”

“म्हणूनच,” ठकू म्हणाली. “नाहीतर पुढच्या साली तुम्ही पुन्हा त्यांनाच आमच्यासमोर उभं कराल.”

आता खरं सांगायचं तर, वाटेने येताना बयजाक्काच्या मनात अगदी तेच आलं होतं. एवढं सगळं होऊनही! तिचे कान तापले. पायाच्या अंगठ्याने ती माती उकरत राहिली. मग हळूच म्हणाली, “देईन. सगळ्यांना देईन. गावासमोर बोलते तसं.” आणि चावडीवर जाऊन बोललीही.

मग काय! रंगू सुखाने नांदली, पारूचं पोर दुडूदुडू धावायला लागलं, तळ्याकडच्या माणसांनी नवी घरं बांधली, आणि उंबरतळात सगळ्यांच्या चुलीवर भात शिजू लागला. बयजाक्का ठकूच्या बांधावरून जाताना पुष्कळ दिवस खाली बघून चालायची. मग हळूहळू वर बघायला लागली.

चला, पांघरूण ओढा. कुशीवर वळा. ते बघा, धाकटी केव्हाच झोपली. तुम्हीही झोपा आता, माझ्या राजांनो.