सुपात न पडलेल्या मुठीची कहाणी

ऐका डोंगराईबाई, तुमची कहाणी. आटपाट नगर, नगराच्या पाठीशी डोंगर, डोंगरावर डोंगरकऱ्यांचा पाडा. नगरच्या राणीनं वसा घेतला, डोंगरावर देवीचं देऊळ बांधीन. मग राजानं प्रधानाला पाड्यावर धाडलं. बुधी म्हातारीनं त्याला पाट दिला, पाणी दिलं. "डोंगर राणीला हवा," प्रधान म्हणाला. एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तीनदा विचारलं, कोणी हूं की चूं केलं नाही. मग प्रधान परतला, रुकार मिळाला म्हणाला. मग झोपड्या पाडल्या, कुंपण पडलं, माणसं उघड्यावर आलीं.

इकडे राजवाड्यातली चूल विझली. सुकीं लाकडं घातलीं, पेटेना. तूप ओतलं, पेटेना. मंत्र म्हटले, पेटेना. लेकरं उपाशी निजूं लागलीं. देवीचा कोप झाला, असं राणीला वाटलं. मग ती अनवाणी डोंगर चढली. पाहते तों काय, मोडके कूड नि पावसात भिजलेल्या चुली. राणीनं बुधी म्हातारीला गांठलं.

"आजीबाई, तुम्हीं रुकार दिलात ना?"

"कोणी दिला, बाई? दारीं आल्याला तोंडावर नाही म्हणूं नये, ही आमची रीत. पाणी द्यावं, गप्प बसावं. रुकार असला तर सूप फिरतं, चुलीचुलीची तांदळाची मूठ त्यात पडते. एक मूठ राहिली, तरी रुकार नाही."

लोकांच्या गप्प बसण्यावर आपण देऊळ उभं करीत होतों, हे राणीच्या ध्यानीं आलं. मग तिनं कुंपण काढवलं, झोपड्या उभ्या करवल्या, डोंगर ज्याचा त्याला दिला. मग हात जोडले. "देऊळ नको. एक दिवा लावायला हातभर जागा द्याल?"

मग सूप फिरलं. या चुलीची मूठ पडली, त्या चुलीची मूठ पडली. शेवटीं म्हातारीची धाकली सून रंगी आली. तिचं तान्हं उघड्यावर गारठून दगावलं होतं. तिनं मूठ उघडली नाही.

म्हातारीनं राणीला पाण्याचा तांब्या दिला. सगळे गप्प.

राणी सुन्न झाली. राजाची राणी हातभर जागा मागते, आणि एक बाई मूठ मिटून उभी राहते. पण आता तिला उत्तर कळलं. पाणी प्याली, रंगीच्या पायां पडली, न लावलेला दिवा पदराखालीं घेऊन डोंगर उतरली. वाड्यात येते तों चूल धडधडत होती, भात रटरटत होता. लेकरं जेवलीं. राणीला मात्र त्या तान्ह्यापायीं घास गिळवेना.

राणीला जें उशिरानं ऐकूं आलं, तें तुम्हां आम्हां वेळेवर ऐकूं येवो. दारचं पाणी पिऊन कोणी रुकार धरूं नये. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरीं देवीच्या दारीं सुफळ झाली.