शेठचं कोरल आणि सुनेची पुट्टी

एका बंदराच्या गावात एक शेठ होता. फार पूर्वीची गोष्ट म्हणावी, तर त्याच्या घरात वीज होती, पंप होता, म्हणजे तेवढीही पूर्वीची नाही. दिवाणखान्यात त्यानं काचेच्या पेटीत अख्खा समुद्र भरून ठेवला होता. खारं पाणी, दगड, मासे, सगळं.

त्यात एक फ्लॉवरपॉट कोरल, म्हणजे कुंडीसारखं दिसणारं प्रवाळ होतं. बघायला दगडाची कुंडी, पण जिवंत प्राणी. खूश असलं की अंगातून लांब लांब दांडे बाहेर काढायचं, प्रत्येकाच्या टोकाला फूल, आणि सगळी फुलं पाण्यात डुलत बसायची. शेठला त्याचा भारी तोरा. पाहुणा सोफ्यावर टेकला रे टेकला, की शेठ बाही वर करून पाण्यात हात घालायचा आणि कोरल उचलून पुढच्या काचेशी आणायचा. तोवर ते सगळी फुलं आत ओढून धोंडा झालेलं. मग शेठ त्याला बोटानं ढोसायचा आणि वर म्हणायचा, काल मस्त होतं हो.

अशी दोन कोरलं आधीच मेली होती. हे तिसरं, आणि याचीही एक बाजू पांढरी पडायला लागली. शेठ म्हणाला, मालच खराब येतोय. पुढच्या महिन्यात पौर्णिमेला राजाचे दिवाणजी जेवायला येणार होते. तोवर उमललं नाही तर हे फेकायचं आणि नवीन आणायचं, असं त्यानं जाहीर करून टाकलं.

धाकट्या सुनेचा मात्र त्या कोरलवर जीव होता. तिच्या लक्षात आलं होतं, की एकदा हलवलं की त्याला परत उघडायला चार दिवस लागतात. आणि शेठकडे तर दर दोन दिवसांनी कुणीतरी चहाला टपकायचंच. बिचारं उघडणार कधी आणि खाणार कधी? तिनं सासऱ्याला सांगून बघितलं. तो नुसता हसला.

मग सुनेनं एक उद्योग केला. शेठ बाजारात गेल्यावर तिनं पाण्यात कडक होणारी पुट्टी मळली. मागच्या कोपऱ्यात, खाली, जिथं उजेड बेताचा आणि पाण्याचा झोत हळू, तिथल्या भल्या मोठ्या दगडावर कोरल पक्कं चिकटवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मामलेदार आले. शेठनं हात घालून कोरल ओढलं. हललं नाही. दोन्ही हात घातले. खांद्यापर्यंत भिजला, मिशा खारट झाल्या, एक मासा बगलेतून सटकला. बघता बघता मामलेदारांचं बिस्किट चहात विरघळलं.

ते गेल्यावर शेठनं घर डोक्यावर घेतलं. सून पदर खोचून उभी राहिली.

"मामंजी, मीच चिकटवलं ते. पाहुणे आले की तुम्ही माझ्या लहानग्या गुंड्याला गाणं म्हणायला उभं करता. तो पडद्यामागे पळतो. याला पाय नाहीत, म्हणून हे आत जातं."

"आणि पौर्णिमेला नाही उमललं तर?"

"तर दिवाणजींसमोर मी चूक कबूल करीन. पण तोवर कुणी पाण्यात हात घालायचा नाही."

शेठ धुसफुसत कबूल झाला. सून रोज थोडा वेळ पंप बंद करायची, ड्रॉपरनं पिठासारखं बारीक खाणं कोरलवर हळूच सोडायची आणि गुमान बाजूला व्हायची. दगडाला घास भरवतेय, असं मोठी जाऊ शेजारणीला सांगून आली. पहिला आठवडा काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात चार-दोन टोकं डोकावली. सुनेनं कुणाला सांगितलं नाही, नाहीतर सगळे बघायला धावले असते.

पौर्णिमेला दिवाणजी आले. सोफ्यावरून त्यांना नुसते मासे दिसले. शेठचा हात सवयीनं बाहीकडे गेला. सुनेनं फक्त बघितलं. हात खाली आला.

"दिवाणजी, उठावं लागेल," शेठ म्हणाला. "आणि जरा खाली बसावं लागेल."

राजा सोडून कुणापुढे न वाकणारे दिवाणजी पागोटं सावरत गुडघ्यांवर बसले. कोपऱ्यात कोरल भरभरून फुललं होतं. दगड दिसतच नव्हता, नुसती फुलं, आणि पांढऱ्या बाजूलाही रंग चढलेला. पानं वाढून झाली, आमटी निवली, तरी दिवाणजी उठेनात. जाऊबाईसुद्धा त्यांच्या शेजारी फतकल मारून बसल्या.

"शेठ, हे केलंत तरी काय?" दिवाणजींनी विचारलं.

"काहीच नाही," शेठ म्हणाला. "तेवढंच मला जमत नव्हतं. ते सूनबाईनं शिकवलं."

तात्पर्य काय, तर जे फुलायला हवं त्याला पोटभर खाऊ घाला आणि त्याच्या जागेवर सुखानं राहू द्या. बघायचंच असेल, तर वाकायचं आपण.