हसऱ्या मांजरीचं दुःख

बालमित्रांनो, फ्रान्स देशातल्या एका डोंगरावर, ख्रिस्ती साधूंच्या मठात एक मांजरी राहत असे. अंगावर लोकरीसारखे दाट, निळसर राखाडी केस आणि डोळे तांब्याच्या रंगाचे. तिची जात फार जुनी, नाव शार्त्रू. या मांजरांचे पूर्वज जहाजातून दूरदेशाहून आले असं तिथले लोक सांगत. आता खरं-खोटं कोण बघायला गेलंय! पण उंदीर धरण्यात ही मांजरं पटाईत, स्वभावाने शांत, आणि 'म्याव' म्हणायचा त्यांना भारी कंटाळा. शिवाय तोंडाची ठेवणच अशी, की बघणाऱ्याला वाटावं, स्वारी गालातल्या गालात हसतेय.

मठातले साधू मौन पाळत. दिवसच्या दिवस कोणी चकार शब्द काढत नसे. मग एकमेकांचं सुखदुःख कळायचं कसं? तर चेहऱ्यावरून! एकाच्या कपाळाला आठी दिसली, की दुसरा लगेच गरम सूप घेऊन हजर. चेहरे वाचण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मांजरीलाही हे घर अगदी मानवलं होतं. अंगणातली बदकीण मात्र दिवसभर कलकलाट करायची आणि तिला चिडवायची, "काय गं मने, जीभ कुठे विसरून आलीस?"

मांजरी म्हणायची, "बोलायला काही हवं ना, ताई! माझं सगळं ठीक चाललंय."

एके दुपारी एक फिरता व्यापारी मठात चीज घ्यायला आला. कातड्यांचाही धंदा करायचा तो, आणि त्या काळी या मांजरांच्या मऊ कातड्याला बाजारात मागणी होती. मांजरीचं एकुलतं एक पिल्लू पायरीवर ऊन खात पडलं होतं. मेल्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पिल्लू उचललं आणि घातलं पोत्यात! कोठाराच्या खिडकीतून मांजरीने ते पाहिलं आणि तिचा जीव कासावीस झाला.

ती धावत थोरल्या साधूंकडे गेली. त्यांच्या पायांत घुटमळली, झग्याचं टोक दातांनी ओढलं. साधूंनी सवयीप्रमाणे तिचा चेहरा पाहिला. चेहरा तर हसरा! तेही हसले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा पुस्तकात बघू लागले. मग ती स्वयंपाकघरात गेली. तिथल्या साधूंनीही तिचं हसू पाहिलं आणि खूश होऊन वाटीभर दूध पुढे ठेवलं. आता काय म्हणावं या भल्या माणसांना! आई आतून तडफडत होती आणि तिला दूध पाजायला निघाले होते.

ती पुन्हा अंगणात आली. व्यापारी खेचरावर सामान बांधत होता. पोतं त्याच्या खांद्यावरच होतं.

"ताई, तू तरी ओरड ना गं!" मांजरी बदकिणीला म्हणाली.

"अगं वेडे, मी रोजच ओरडते. माझं कोण मनावर घेतंय? पिल्लू तुझं, तूच बोल."

"माझा आवाज एवढासा. आणि या घरात बोलायचं नसतं."

"मौन त्यांनी धरलंय. तू कधी शपथ घेतलीस?" बदकीण म्हणाली. "पळ आता, उशीर होईल!"

मांजरी उलट पावली धावली, थोरल्या साधूंसमोर उभी राहिली, आणि सगळं बळ एकवटून तिने आवाज काढला. कसला आवाज तो! चिमणीच्या पिल्लासारखा, चिरका, फुटका. पण त्या शांत मठात तो कोपऱ्याकोपऱ्यात ऐकू गेला. साधूंच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. ते गुडघ्यावर बसले आणि या वेळी त्यांनी तिच्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे पाहिलं. तिचं सगळं अंग थरथरत होतं.

ती फाटकाकडे पळाली. साधूही झगा सावरत मागोमाग धावले. व्यापाऱ्याचा एक पाय बाहेर पडला होता. आणि खांद्यावरचं पोतं वळवळत होतं!

"थांब!" थोरले साधू गरजले. "ठेव ते पोतं खाली!"

त्यांच्या तोंडून शब्द ऐकून सगळे साधू जागच्या जागी थबकले. व्यापारी तर इतका दचकला, की पोतं टाकून खेचरासकट पळत सुटला. पोत्यातून पिल्लू धडपडत बाहेर आलं. मांजरीने त्याला जवळ ओढलं आणि नखशिखांत चाटून काढलं.

थोरले साधू तिच्याशेजारी जमिनीवरच बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. "माझं चुकलं गं बाई," ते हळूच म्हणाले. "तू हसतेस, म्हणून तू सुखात आहेस असं मी धरून चाललो. एकदाही विचारलं नाही."

तात्पर्य : हसरा चेहरा पाहून कोणी सुखात आहे असं गृहीत धरू नये, आपुलकीने विचारावं, आणि स्वतःवर संकट आलं, तर आवाज कितीही लहान असो, तोंड उघडून सांगावं.