पलीकडची माणसं

घाटमाथ्यावरच्या एका गावात दमाजी नावाचा मिठाचा व्यापारी राहायचा. बैलांच्या पाठीवर कोकणातून मीठ आणायचं, हा त्याचा धंदा. आणि येता-जाता ‘असं का?’ म्हणून विचारायचं, हा त्याचा स्वभाव.

एका हिवाळ्यात गावच्या नदीत जत्रेकरूंची होडी उलटली. बुडालेली माणसं परगावची होती, तरी त्या दिवशी गावात कुणी चूल पेटवली नाही. बायकांनी अनोळखी प्रेतांवर आपली लुगडी पांघरली. वाचलेल्यांना लोकांनी घरोघरी ठेवून घेतलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दमाजी रिकामे बैल घेऊन कोकणातून परतला. चावडीपुढे उभा राहून म्हणाला, “समुद्र चढला. मिठागरांवरची वाडीच्या वाडी वाहून गेली. पुष्कळ माणसं गेली.”

“अरेरे!” लोक म्हणाले. मग एकाने विचारलं, “म्हणजे आता मीठ महागणार का हो, शेठ?” आणि बोलणं भावाकडे वळलं.

दमाजीला रागापेक्षा नवलच जास्त वाटलं. हीच माणसं परवापरवा परगावच्या माणसांसाठी धाय मोकलून रडली होती. मग आज यांचे डोळे कोरडे का? तो आवडाकाकूंकडे गेला. होडीतून वाचलेल्या एका बाईला त्यांनी घरी ठेवून घेतलं होतं.

“काकू, ती होडीतली माणसं तरी तुमची कोण होती?”

“कुणी नव्हती रे. पण हिचा टाहो मी या कानांनी ऐकला. तुझ्या त्या वाडीत कोण कोण गेलं? नावं तरी सांग.”

दमाजी बोलायला गेला आणि थांबला. किती वर्षं तो तिथून मीठ आणत होता! कुठल्या आगरातलं मीठ पांढरंशुभ्र, हे त्याला ठाऊक होतं. माणसाचं नाव मात्र एकही आठवेना.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा घाट उतरला. या खेपेला मीठ भरलं नाही. उरलेल्या माणसांत बसला, ऐकत राहिला. परत येताना मिठागरात राबणाऱ्या मैना नावाच्या म्हाताऱ्या आगरणीला सोबत घेऊन आला.

मैना चावडीपुढे बसून बोलू लागली. “माझी सून तुळसा. पाणी आलं तेव्हा भाकऱ्या थापत होती. मी हाक मारली, तिने ‘आले’ म्हटलं...” मिठाचा भाव कुणीच काढला नाही. संध्याकाळपर्यंत धान्याच्या, घोंगड्यांच्या, बांबूंच्या गाड्या भरल्या.

गाड्या निघायच्या वेळी मैना मान खाली घालून उभी होती.

“काय झालं, मावशी?” दमाजीने विचारलं.

“शेठ, आमच्याही पुढे, खाडीच्या तोंडाशी एक बेट आहे. लाट आधी तिथे लागली असणार. तिथल्यांचं काय झालं, ते तुम्ही विचारलं नाहीत. खरं सांगू? आम्हीही नाही विचारलं.”

“त्या माणसांना काय म्हणतात?”

“आम्ही नुसतं ‘पलीकडचे’ म्हणतो.”

दमाजीने एक भरलेली गाडी बाजूला काढायला लावली. “ही खाडीपर्यंत न्यायची आणि तिथून होडीने बेटावर,” तो म्हणाला. “मी स्वतः जातो. आणि माल उतरवण्याआधी तिथल्या माणसांची नावं विचारतो.”

तात्पर्य: दुःख सगळीकडे सारखंच असतं, पण आपले डोळे भरतात ते ऐकू आलेल्या दुःखानेच, म्हणून ज्यांचा टाहो आपल्यापर्यंत पोचत नाही, त्यांची चौकशी आपण होऊन करावी.