साहेबांचं ताजं उत्तर

निकालाच्या दिवशी परीक्षा मंडळाची वेबसाइट बंद पडली. बाहेर मुलं आणि पालक ताटकळत उभे होते, आत संचालक खांडेपारकर येरझारा घालत होते.

प्रोग्रामर मृण्मयी म्हणाली, "साहेब, मुलं तोच निकाल पुन्हा पुन्हा उघडतायत आणि दर वेळी सगळा भार डेटाबेसवर पडतोय. डेटाबेसने एकदा दिलेलं उत्तर सर्व्हरवर आणि त्यांच्या ब्राउझरमध्ये साठवून ठेवू द्या."

"शिळं उत्तर? माझ्या मंडळात प्रत्येकाला ताजंच मिळेल!"

इतक्यात फोन वाजला. "अर्ध्या तासात सुरू होईल," साहेब म्हणाले. तो ठेवतात तोच दुसरा वाजला, मग तिसरा. तेच वाक्य बोलून साहेबांचा घसा सुकला. शेवटी ते आपल्या सहायकावर खेकसले, "वाघचौरे, प्रत्येक फोन मला कशाला देता? तुम्हीच अर्धा तास सांगा, आणि तोवर परत फोन करू नका म्हणावं. काही बदललं तर मी कळवीन!"

"साहेब," मृण्मयीने विचारलं, "म्हणजे आता वाघचौरे लोकांना शिळं उत्तर देणार?"

साहेब थबकले. "नाही हो, उत्तर माझंच..."

"मलाही सर्व्हरला नेमकं हेच सांगायचंय."

साहेबांनी 'करा' म्हणून हात हलवला. मृण्मयी धावतच गेली. थोड्या वेळाने बाहेरून एका मुलीची आरोळी ऐकू आली, "आई, पास!"