गाठींचा दोरा

नदीकाठच्या एका गावात एक म्हातारी वैदीण राहायची. तिच्या झोपडीला ओल यायची, म्हणून लोकांच्या औषधाच्या पुरचुंड्या ती वाण्याच्या कोरड्या माळ्यावर ठेवायची. वाणी भला, पण खोटं बोलायला गेला की त्याचे कान लाल व्हायचे. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं.

पुरचुंड्या सगळ्या सारख्याच, शिवून बंद केलेल्या. प्रत्येकीला गाठी मारलेला एक दोरा. म्हातारीचे गुडघे धरलेले, शिडी चढवत नसे. ती वाण्याच्या उंबऱ्यावर बसून तशाच गाठींचा दोरा त्याच्या हाती द्यायची. वाणी अंधाऱ्या माळ्यावर बोटांनी गाठी चाचपायचा आणि जुळेल ती पुरचुंडी खाली आणायचा.

एकदा तो रुसला. "आजी, कुणाची कुठली, एवढं तरी सांगा. माझ्यावर विश्वास नाही का?"

"नसता तर तुझ्या माळ्यावर कशाला ठेवलं असतं?"

"मग?"

"दुखणी जड असतात, बाबा. तुझा माळा घेतला तेवढा पुरे. ते ओझं तुझ्या उरावर कशाला?"

वाण्याला काही ते पटलं नाही. चार दिवस तो घुम्यासारखा वागला. शिडी मात्र चढत राहिला.

पुढं गावात कुजबुज उठली, कुणाला तरी महारोग झालाय. पाटील माणसं घेऊन वाण्याच्या दारात आला.

"म्हातारी तोंड उघडत नाही. तू सांग, चट्ट्यांचं औषध कुणाला जातं? आजच्या आज त्याला वेशीबाहेर काढायचंय."

वाण्याची सून पाण्याचा तांब्या घेऊन दाराआड थबकली.

पाटील दिवा घेऊन वाण्यासकट माळ्यावर चढला आणि त्यानं एक पुरचुंडी फाडली. तपकिरी पूड. दुसरी फाडली. तशीच पूड.

"ह्या कुणाच्या?"

"पाटील, मला गाठी ठाऊक. माणसं ठाऊक नाहीत."

पाटलानं त्याच्या कानांकडे निरखून पाहिलं. कान नेहमीसारखेच होते. पाटील शिडी उतरला.

पुढच्या सुगीत सुनेनं वाण्यापुढं ताट ठेवलं आणि हळूच बाही वर सारली. दंड स्वच्छ होता.

"मामंजी, इथं चट्टे होते. औषध तुमच्याच हातानं यायचं."

वाण्याचा घास हातातच राहिला. कान लालबुंद झाले; त्या दिवशी हे ठाऊक असतं, तर पाटलाला हेच कान दिसले असते. ताट तसंच ठेवून तो उठला, आणि म्हातारीच्या झोपडीकडे चालू लागला.

तात्पर्य: ठेव दुसऱ्याच्या घरी ठेवावी, ती शोधायची खूणही त्याला द्यावी, गुपित मात्र आपल्याच पदरी बांधावं. त्यानं ठेवही राखली जाते आणि राखणाराही.