अस्वलिणीची गादी

जंगलात प्राण्यांचा बाजार भरायचा, तेव्हाची ही गोष्ट. अस्वलीण गादी घ्यायला निघाली. शेजारची साळुंकी न बोलावताच सोबत आली.

सुगरणीने दोन गाद्या मांडल्या. एक नुसत्या कापसाची. दुसरीत खाली वेताची वेटोळी आणि वर कापूस. "पडून बघा, बाई."

"इश्श! चार लोकांत आडवं कसं व्हायचं?"

"मी बघते ना!" साळुंकीने दोन्हींवर उड्या मारल्या. "वेताची दबतच नाही हो. कापसाचीच घ्या, अगदी लोणी!"

महिन्याभरात कापूस बसला आणि अस्वलिणीची कंबर धरली. मोहावर पोळं भरलं, पण तिला चढवेना. पिल्लं खालूनच बघत राहिली.

साळुंकी आता रोज चोचीतून थेंबभर मध आणते. "चुकलंच माझं," म्हणते.

अस्वलीण कण्हत म्हणते, "तुमचं कुठं, साळूबाई? पाठ माझी होती. मीच टेकायला हवी होती."